काय होतं ते नको, काय दिसलं ते सांगा

पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी गप्प बसलो.

सकाळची वेळ होती, आकाश लख्ख. सरावासाठी राखून ठेवलेल्या हवाई क्षेत्रात आमची दोन लढाऊ विमानं. मी पुढे, विंगमन माझ्या डावीकडे दीडेक किलोमीटरवर. उंची अठरा हजार फूट. वळण संपवून मी विमान सरळ केलं आणि उजव्या पंखाच्या टोकापलीकडून काहीतरी झर्रकन मागे गेलं. करडं, गोल. पंख नाहीत, शेपूट नाही, धूर नाही. सेकंदसुद्धा पुरा नसेल. मान वळेपर्यंत मागे नुसतं आकाश.

रेडिओवर विंगमनला विचारलं, "टू, काही दिसलं?"

"कुठे?"

"काही नाही. चल पुढे."

उतरल्यावर नेहमीप्रमाणे डीब्रीफिंग झालं. वळणं, इंधन, कोण कुठे मागे पडलं, चाळीस मिनिटं बोललो. उड्डाणाच्या रेकॉर्डिंगची टेप माझ्या हातात होती. ती जमा केली की काही दिवसांत तिच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी उड्डाण चढणार, हे मला ठाऊक होतं. मी ती जमा केली.

भीती कसली होती ते सांगतो. आमच्या आधीच्या एका सीनियरने रात्रीच्या उड्डाणात दिसलेल्या दिव्यांबद्दल लेखी कळवलं होतं. त्याला आधी डोळ्यांच्या आणि मग मनोविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं गेलं. तपासण्यांत काहीच निघालं नाही, पण तोवर चार महिने तो जमिनीवर बसून होता. परतला तेव्हा त्याला एक टोपणनाव पडलेलं होतं आणि ते शेवटपर्यंत सुटलं नाही. मेडिकल कॅटेगरी गेली की विमान गेलं, हे पायलटला कुणी शिकवावं लागत नाही. ते दिवे काय होते, हे मात्र त्याला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

अकरा आठवड्यांनी त्याच क्षेत्रात, साधारण त्याच उंचीवर, एका ज्युनियरने कशाला तरी चुकवायला विमान इतकं जोरात ओढलं की मर्यादेपेक्षा जास्त ताण आला. इंजिनियरांनी ते विमान तपासणीला काढून घेतलं. पोराने अहवालात लिहिलं, 'पक्षी'. मी तो अहवाल वाचला. अठरा हजार फुटांवर पक्षी अगदीच नसतात असं नाही, पण लिहिताना त्याचा चेहरा मी पाहिला होता. तेव्हाही मी बोललो नाही. माझ्या आयुष्यातल्या ज्या थोड्या गोष्टी मला परत करायला मिळाव्यात असं वाटतं, त्यांतली ही पहिली.

त्यानंतर मी आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंबद्दलचे उघड झालेले सरकारी कागद वाचायला लागलो. परग्रहावरच्या पाहुण्यांत मला रस नव्हता, आजही नाही. मला बघायचं होतं की माझ्याआधीच्या पायलटांनी काय केलं आणि त्यांचं काय झालं.

सगळ्यात आधी मनात रुतून बसले ते कॅप्टन थॉमस मँटेल. ७ जानेवारी १९४८ रोजी अमेरिकेतल्या केंटकीच्या आकाशात ते एका चकाकणाऱ्या वस्तूमागे चढत गेले. विमानात ऑक्सिजन नव्हता. पंचवीस हजार फुटांच्या आसपास शुद्ध हरपली असावी, विमान कोसळलं, ते गेले. हवाई दलाचं पहिलं उत्तर होतं, शुक्र ग्रह. पुढे त्याहून पटणारं कारण समोर आलं: स्कायहुक, म्हणजे फार उंचावर जाणारे प्रचंड बलून. नौदलाचा तो प्रकल्प तेव्हा गुप्त होता. ज्याचा पाठलाग करताना जीव गेला ते बहुधा त्यांच्याच देशाचं होतं, आणि ते त्यांना सांगू शकेल असं त्या दिवशी रेडिओवर कुणी नव्हतं.

१९५२ च्या जुलैमध्ये दोन शनिवार-रविवार वॉशिंग्टनच्या रडारवर अनोळखी ठिपके दिसले, जेट विमानं सोडली गेली, वर्तमानपत्रं पेटली. हवाई दलाने तापमानाच्या उलट्या थरांमुळे (खाली थंड, वर उबदार हवा) रडार फसल्याचं कारण दिलं. सहा महिन्यांनी, जानेवारी १९५३ मध्ये, सीआयएने शास्त्रज्ञांचं एक मंडळ बसवलं, रॉबर्टसन पॅनेल. त्यांची मुख्य चिंता काय होती, तर अशा अहवालांचा पूर आला की संदेशयंत्रणा तुंबेल आणि खरा हल्ला आला तर त्याची खबर त्या पुरात हरवेल. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत ही चिंता खोटी नव्हती. पण उपाय म्हणून लोकांच्या मनातलं या गोष्टींचं गूढच काढून टाकायचं ठरलं. त्याच काळात जानॅप १४६ ही सैन्यदलांची संयुक्त सूचना लागू होती. तिच्यानुसार पायलटने अनोळखी वस्तू दिसताच तातडीने कळवायचं. आणि कळवलेलं परवानगीशिवाय बाहेर बोलला तर हेरगिरीच्या कायद्याखाली कारवाई. लगेच बोल आणि मग तोंड शिवून घे, असा दुहेरी हुकूम असला की माणूस पहिलं वाक्यच गिळतो. मी कुठल्याही कायद्याच्या धाकाशिवाय गिळलं होतं.

अशा अहवालांचा तपास करणारा अमेरिकी हवाई दलाचा प्रोजेक्ट ब्लू बुक १९६९ मध्ये बंद झाला तेव्हा हिशेब होता १२,६१८ अहवालांचा. त्यांतले ७०१ अनुत्तरित. सगळी चर्चा त्या ७०१ वर होते. मला मात्र राहून राहून त्या १२,६१८ मध्ये ज्यांचं नाव कधी आलंच नाही ते पायलट आठवतात.

नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या निमित्झ या विमानवाहू जहाजावरचे कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांना पॅसिफिकवर पांढरी, लांबट, पंख नसलेली वस्तू दिसली. सोबतच्या विमानातून अ‍ॅलेक्स डिट्रिक यांनीही पाहिली. जहाजावर परतल्यावर त्यांची थट्टा झाली. पुढे २०१४ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ एकमेकांशेजारून उडणाऱ्या दोन लढाऊ विमानांच्या मधून एक वस्तू गेली. पारदर्शक गोलाच्या आत काळा घन, असं वर्णन त्याच तुकडीतल्या रायन ग्रेव्हज यांनी नंतर अमेरिकी संसदेसमोर शपथेवर सांगितलं. तेव्हा स्क्वाड्रनने सुरक्षा-धोक्याचा अहवाल दिला होता. ते वाचताना मी माझं लॉगबुक काढून ती जुनी तारीख बघितली होती.

२०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने जाहीर केलं की अशा दर्शनांचे अहवाल देण्याची पद्धत नव्याने आखली जात आहे. जून २०२१ मध्ये तिथल्या गुप्तचर यंत्रणांचा प्राथमिक अहवाल आला. त्यात १४४ नोंदी, आणि खात्रीने उलगडलेली फक्त एक: हवा जात चाललेला मोठा बलून. टक्कर होता होता टळल्याचे ११ प्रसंग त्यात होते. आणि एक गोष्ट सरळ लिहिली होती, बदनामीच्या भीतीने लोक बोलत नाहीत. सरकारी कागदावर ते वाक्य वाचून मला किती हलकं वाटलं, हे शब्दांत मांडणं अवघड आहे.

त्यानंतर काही काळाने आमच्याकडेही अशा दर्शनांसाठी वेगळा फॉर्म आला. तोवर मी लढाऊ विमानं सोडून मालवाहू विमानांवर आलो होतो.

त्या रात्री एकतीस हजार फुटांवर होतो. सूर्य मावळून काही तास झालेले, चंद्र नव्हता. शेजारी तरुण को-पायलट. क्षितिजाच्या जरा वर एक दिवा उजळला, ताऱ्यासारखा, मग ताऱ्याहून कितीतरी ठळक. थोडा सरकला, विझला. विझतो न विझतो तोच जवळपास त्याच जागी दुसरा. मग तिसरा. एकमेकांमागे गोल फिरत असल्यासारखे. पाच-सहा मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग तो हळूच म्हणाला, "सर, सांगायचं का?"

त्याच्या आवाजात काय होतं ते मला नेमकं कळलं. मी बटण दाबलं आणि कंट्रोलरला वेळ, दिशा, उंची सांगितली. "तुमच्या समोर कुणी नाही," कंट्रोलर म्हणाला. क्षणभर शांतता. मग आमच्यापासून १८० किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका विमानाचा आवाज आला: "आम्हालाही दिसतंय." पुढे त्या क्रूने सांगितलं की आम्ही बोलेपर्यंत तेही गप्पच होते.

विमान थांबलं तेव्हा खाली दोन जण उभे होते. आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत नेलं. एकमेकांशी बोलायचं नाही, आधी हाताने लिहायचं, चित्र काढायचं, मगच बाकीचं. दोन साक्षीदार दहा मिनिटं गप्पा मारत बसले की दोन आठवणींची एकच आठवण होते, आणि मग त्यांना दोन साक्षीदार म्हणण्यात अर्थ राहत नाही. आम्ही हवेत असतानाच रडारची नोंद, रेडिओचं रेकॉर्डिंग आणि विमानातला डेटा राखून ठेवायचे आदेश गेले होते. माझ्या जुन्या टेपची आठवण झाली.

तपास अधिकारी हवामान शाखेतून आलेल्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. मी लिहिलेल्या पहिल्याच ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'सुमारे चाळीस किलोमीटरवर तीन मोठ्या वस्तू अतिवेगाने फिरत होत्या.'

"सर, चाळीस किलोमीटर कसे मोजलेत?"

"अंदाज."

"आणि मोठ्या?"

मी गप्प.

"काय होतं ते नको," त्या म्हणाल्या, "काय दिसलं ते सांगा."

पंचवीस वर्षं उडून झाल्यावर हे पुन्हा शिकावं लागलं. अंधारात एकटा प्रकाश दिसतो तेव्हा डोळ्यांना फक्त दिशा आणि तेज कळतं. अंतर माहीत नसेल तर आकार सांगता येत नाही आणि वेगही सांगता येत नाही. तिन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. एक चुकीचा गृहीत धरला की बाकीचे दोन आपोआप अचाट होतात. शिवाय काळोखात स्थिर ठिपक्याकडे टक लावून पाहिलं तर काही सेकंदांत तो हलल्यासारखा वाटतो, हे तर आम्ही कॅडेट असताना पाठ केलेलं होतं. त्यांनी अमेरिकी नौदलाच्या 'गोफास्ट' व्हिडिओचं उदाहरण दिलं. समुद्रावरून काहीतरी भन्नाट वेगाने जातंय असं त्यात वाटतं. पडद्यावरचेच आकडे घेऊन नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये गणित मांडलं: वस्तू पाण्यालगत नसून सुमारे १३,००० फुटांवर, सरासरी वेग ताशी ४० मैलांच्या आसपास. वेग होता तो कॅमेरा वाहून नेणाऱ्या विमानाचा.

मग माझं वाक्य खोडून आम्ही दोघांनी मिळून नवं केलं. हात सरळ धरला तर मूठ साधारण दहा अंश, करंगळी एक अंश. दिवे क्षितिजावर किती मुठी? अर्धी. एक दिवा विझेपर्यंत किती सरकला? तीन बोटं. किती सेकंद टिकला? वेळ माझ्या आठवणीवर सोडलीच नाही. रेडिओवरच्या माझ्या आवाजाची नोंद होती, त्यावरून सेकंदापर्यंत मिळाली.

डॉक्टरांनीही बोलावलं. झोप, औषधं, केबिनचा दाब, असे पाचच प्रश्न. माझी पाठ ताठ झालेली त्यांनी पाहिली असावी. "हे प्रत्येक घटनेनंतर विचारतो, टायर फुटला तरी," ते म्हणाले. हा कागद मेडिकल फाइलमध्ये जाणार नाही, असं फॉर्मवर छापलेलंही होतं. मी ती ओळ दोनदा वाचली.

दुसऱ्या रात्री आम्हाला त्याच विमानात, जमिनीवर, त्याच खुर्च्यांवर बसवलं. कॉकपिटचे दिवे त्या रात्री होते तेवढेच ठेवून काचेवर कुठली प्रतिबिंबं पडतात ते पाहिलं. एक पडत होतं, पण खूप वर. ते बाद. मग हवामानाचे बलून. ते जगभर ठरावीक वेळी दिवसातून दोनदा सोडतात, तीस किलोमीटरच्या आसपास जाऊन फुटतात. त्यांची वेळ आणि वारा जुळेना. ग्रह जुळेनात. मला ग्रहांची शक्यता आधी अपमानास्पद वाटली होती, तेव्हा तपास अधिकारी मॅडमनी लडाखची हकिगत सांगितली. २०१२-१३ मध्ये सीमेवरच्या भारतीय जवानांनी कित्येक महिने आकाशातले प्रकाश नोंदवले. शेजाऱ्यांचे हेरगिरी ड्रोन असावेत अशी शंका होती. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते गुरू आणि शुक्र असल्याचं ओळखलं. "त्या जवानांनी प्रत्येक वेळेची नीट नोंद ठेवली, म्हणून ओळखता आलं," त्या म्हणाल्या. नोंदवणाऱ्याबद्दल त्यांच्या बोलण्यात आदर होता. ते ऐकल्यावर मी जास्त मोकळेपणाने बोलायला लागलो.

मग एक बंद लिफाफा गेला. आपल्याच कुणाचं काही त्या रात्री हवेत होतं का, हे विचारायला. उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, त्यापुढे त्यांनाही विचारायची मुभा नाही. उत्तर आलं, नाही. ही पायरी माझ्या दृष्टीने साऱ्या पद्धतीत सर्वांत मोलाची आहे. मँटेलसाठी १९४८ मध्ये असा एक लिफाफा जाऊ शकला असता तर, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

गाठ सुटली ती त्या दुसऱ्या विमानामुळे. १८० किलोमीटरवरून त्यांनी सांगितलेली दिशा आणि आमची दिशा यांत जेमतेम चार-पाच अंशांचा फरक होता. वस्तू खरंच चाळीस किलोमीटरवर असती तर एकाला ती एकीकडे आणि दुसऱ्याला भलतीकडेच दिसली असती. रेषा कागदावर वाढवल्या, त्या दोन हजार किलोमीटरच्याही पुढे जाऊन मिळाल्या. एवढ्या लांबचं क्षितिजावर दिसायचं तर ते वातावरणाच्या बाहेर हवं. सूर्य क्षितिजाखाली नेमका कुठे होता ते काढलं, तर दिव्यांच्या बरोबर खाली. ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणारे स्टारलिंकचे इंटरनेट पुरवणारे उपग्रह ठरावीक कोनात आले की सपाट पृष्ठावरून सूर्यप्रकाश उडवतात. एक त्या कोनातून बाहेर पडतो, मागचा आत येतो, म्हणून दिवे त्याच जागी पुन्हा पुन्हा लागतात. त्या मिनिटांना कुठले उपग्रह तिथून गेले, त्यांची यादीसुद्धा लावली होती.

पाच आठवड्यांनी एक पानी निष्कर्ष हातात आला. को-पायलटचा चेहरा जरा उतरला. "उपग्रहच निघाले, सर." मी त्याला ब्रीफिंग रूममध्ये नेलं. भिंतीवर नवा तक्ता लागला होता: कुठल्या महिन्यात, किती वाजता, कुठल्या दिशेला हे दिवे दिसू शकतात. खाली त्या रात्रीच्या उड्डाणाचा क्रमांक होता. तो बराच वेळ त्या क्रमांकाकडे बघत उभा राहिला.

फॉर्मचा शेवटचा प्रश्न असा असतो: 'यापूर्वी असे काही दिसले आहे काय?' मी तो रिकामा सोडला होता. निष्कर्षावर सही करताना मॅडमनी तो रकाना माझ्यापुढे सरकवला, काही न बोलता. मी त्यांना सगळं सांगितलं. टेप, विंगमन, अकरा आठवडे, 'पक्षी'.

त्यांनी कोरा फॉर्म काढला. लॉगबुकवरून तारीख, क्षेत्र, उंची मिळाली. पुढे जवळजवळ प्रत्येक रकान्यात 'माहीत नाही'. फ्रान्सची अंतराळ संस्था १९७७ पासून अशा घटना तपासते, तिचा आजचा विभाग गाइपान. तिथे चार वर्ग आहेत. ए म्हणजे पक्कं उलगडलेलं, बी म्हणजे बहुधा उलगडलेलं, डी म्हणजे पुरेशी माहिती असूनही न उलगडलेलं. आणि सी, माहितीच अपुरी. माझी घटना तिथे गेली असती तर सी. तिला गूढ म्हणण्याचाही अधिकार मला उरलेला नाही. ती टेप जपली असती तर कदाचित महिन्याभरात 'बलून' म्हणून ए मध्ये गेली असती आणि त्या पोराला उड्डाणाआधी कुणीतरी सांगितलं असतं की इथे बघून उड.

एक रकाना होता: 'अहवालास विलंब झाल्यास कालावधी व कारण'. कालावधी, सतरा वर्षं. कारणापाशी पेन थांबलं. मग लिहिलं, 'हसतील म्हणून'. मॅडमनी वाचलं आणि एक अक्षर न बदलता खाली सही केली.

त्या संध्याकाळी मी त्या ज्युनियरचा नंबर शोधला. तो आता प्रवासी विमानं उडवतो. मी म्हणालो, तुझ्या त्या पक्ष्याच्या अकरा आठवडे आधी, त्याच क्षेत्रात मलाही काहीतरी दिसलं होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. काय दिसलं ते बोललो नाही.

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "सर, ते..."

"थांब," मी म्हणालो. "मला नको सांगूस. आधी कागदावर लिही."